बापूशेठच्या काट्यावर पासष्ट

“सदुसष्ट. उतरा खाली. पुढचा.”

मी उतरलो नाही. अंगावर फक्त खेळायची चड्डी, समोर काट्याची दांडी धरून उभे असलेले गावचे हेडमास्तर आणि भोवती अर्धी जत्रा. चैत्राचं ऊन होतं. काट्याचा लोखंडी पत्रा तळपायाला चटके देत होता.

“गुरुजी, परत एकदा बघा,” मी म्हणालो. “काल सांगलीत पासष्ट भरलोय मी. बरोबर पासष्ट.”

“दोनदा बघितलं. ही पासष्ट किलो गटाची स्पर्धा आहे, तुम्ही सदुसष्ट आहात. आता उतरा, लोक खोळंबलेत.”

माझ्यामागून हणमंता चढला. हणमंता म्हणजे आमचा कॅप्टन. तोही सदुसष्टला पोचला. त्याच्यामागचा सदुसष्टच्या जरा वरच गेला. प्रत्येक आकड्याला पब्लिक हसायला लागलं. कुणीतरी ओरडलं, “शेठनं टीम आणलीया का बैलजोड्या?”

इथं थोडं सांगायला हवं. आता कबड्डी टीव्हीवर दिसते, खेळाडूंचे लिलाव होतात. सत्तरच्या दशकात आमच्या सातारा-सांगलीकडं लिलाव नव्हते, पण बोली असायची. ती दुकानाच्या ओट्यावर चहा पिता पिता व्हायची. स्पर्धा गावोगावच्या जत्रांत आणि वजनी गटात. पासष्टचा गट म्हणजे पासष्टच्या वर एक तोळाही चालायचा नाही. खेळाच्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं आणि जास्त भरलं तर घरी जायचं. वजन उतरवायला वेळ मिळायचा तो दुपारच्या आरतीपर्यंत.

मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो. समोरचा चढाईला आला, म्हणजे दम घेत आमच्या हद्दीत शिरला, की त्याचा पाय धरून पाडायचं आणि त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचं नाही, हे कोपऱ्याचं काम. शेजारी जो उभा असतो त्याचा हात धरायचा, याला साखळी म्हणतात. चढाईवाला खोल आला की साखळी फिरते आणि त्याची परतीची वाट बंद होते. माझ्या साखळीला हणमंता होता. धरलेला पाय सोडत नाही म्हणून मला सगळे घोरपड म्हणायचे. खरं नाव महिपती, पण ते फक्त माझी बायको आणि पोस्टमन वापरायचे.

चढाईवाल्याचं नाव पेपरात येतं, कोपऱ्यावाल्याचं दवाखान्यात. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत आणि डाव्या गुडघ्याला पाऊस आधी कळतो. वडूजकडून दुष्काळात गाव सोडून आलो ते खेळाच्या जीवावर. एका गिरणीनं घेतलं, कागदावर वॉचमन म्हणून. गिरणीची टीम बंद झाली. मग एका साखर कारखान्यानं घेतलं, कागदावर स्टोअर हेल्पर. तिथं चेअरमन बदलले, नव्या चेअरमनना व्हॉलीबॉलचा नाद. मग एक ट्रान्सपोर्टवाला. त्याचा ट्रक आणि टीम एकाच वर्षी विकली गेली. परमनंट कुठंच नाही. दरवेळी कमल, माझी बायको, भांडी पोत्यात बांधायची आणि नव्या गावात सोडायची. शेवटी सांगलीत आलो तेव्हा तिनं सांगून टाकलं, “ह्या येळंला मी भांडी बांधायची न्हाई. तुमी जा कुठं जायाचं तिथं.”

सांगलीत मला बापूशेठनं घेतलं. हळदीची मोठी अडत होती त्याची. अडत म्हणजे शेतकऱ्यानं माल आणायचा, दुकानदारानं तो मोजून विकून द्यायचा. बापूशेठला कबड्डीचं वेड होतं. खेळता एक दिवसही आलेलं नसल्यामुळं मतं मात्र भरपूर होती. त्यानं मला शब्द दिला होता. वाईच्या अलीकडच्या या कृष्णाकाठच्या गावची कबड्डीची ढाल जिंकून दुकानात आणायची, की तो मला मार्केट यार्डात तोलार म्हणून लावून देणार. तोलार म्हणजे माल मोजणारा. कायमचं काम, सावलीतलं, गुडघ्याला सोसेल असं. तेहतीस वर्षांचा कोपरा आणखी किती दिवस खेळणार? मला ती ढाल हवी होती. ढालीचं कौतुक नव्हतं, पण तिच्यामागं ती तोलारकी होती.

आणि आता आम्ही बाराजण वजनाला आलो होतो, त्यातले नऊ नापास. सातजणांचा खेळ आणि पास झालेले तीन.

मला राग आला तो असा की कुणावर काढावा ते कळेना. कारण वजनाच्या बाबतीत आमच्याइतकी शिस्त कुठल्याच टीमची नव्हती. बापूशेठ रोज सकाळी आम्हाला दुकानाच्या दारातल्या काट्यावर उभं करायचा. हळदीची पोती ज्या काट्यावर मोजतात तोच. पोतं आणि मी, वजनाला जवळजवळ सारखेच. शेठ स्वतः दांडीवरचं पितळी वजन सरकवायचा, चष्मा वर करून आकडा बघायचा आणि जाहीर करायचा, “घोरपड, त्रेसष्ट! आजून दोन किलोची जागा हाय. खा!”

“शेठ, नको. लेंग्याची नाडी पुरंना झालीया.”

“नाडी आटली आसंल धुवून. काटा खोटं बोलतोय व्हय? हलका कोपरा काय कामाचा? चढाईवाला उचलून न्हील तुला. दिवाणजी, ह्याला खारीक आन् तूप द्या.”

शेठचं म्हणणं असं की गट पासष्टचा आहे तर माणूस पासष्टचाच पाहिजे, चौसष्टचा म्हणजे एक किलो वाया गेला. म्हणून त्यानं आमच्यातल्या बहुतेकांना दूध, तूप, खारीक घालून घालून बरोबर पासष्टला आणून ठेवलं होतं. आदल्या दिवशी सगळी टीम मोजली. कुणी पासष्टच्या वर नाही. शेठ खुशीत. रिकामा काटासुद्धा आम्हाला दाखवला, “बघा, शून्यावर उभा हाय. देवासारखा!”

मोजताना दिवाणजी शेजारी असायचे. दिवाणजी म्हणजे दुकानाचे जुने कारभारी, काळी टोपी आणि कमी बोलणं. शेतकरी कधी कुरकुरला, की “घरी पोतं जास्त भरलं हुतं, हितं कमी कसं?” तर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, “हळद हाय बाबा. वाटंत वाळती.” शेतकरी मान हलवायचा आणि जायचा. मीही मान हलवायचो. मला हळदीतलं काय कळतंय?

तर त्या दिवशी काट्यावरून उतरल्यावर हणमंतानं घोंगडी वाटली. वजन उतरवायची आमची रीत ती एकच. घोंगडं पांघरून उन्हात पळायचं आणि पाणी प्यायचं नाही. शेवटी फारच थोडं उरलं तर डोक्याचे केस काढायचे. आम्ही नदीच्या कडेनं पळायला लागलो. चैत्रात घोंगडं पांघरून पळणारी नऊ माणसं बघून धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, “आवं, थंडी वाजतीया का?”

पळता पळता मला एक गोष्ट खटकली. आमच्यातला सगळ्यात हलका बाळू, चढाईला चपळ. तो पास झाला म्हणून कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. पण सांगलीत तो साठ भरायचा आणि इथं बासष्टच्या जवळ. बाकीचे दोघे पास झालेले, तेही तसेच चढलेले. माणूस एका रात्रीत दोन किलो चढेल एखादेवेळी. बारा माणसं एकाच रात्रीत, एकाच मापानं चढत नाहीत.

“हणमंता,” मी म्हणालो, “आपला काटा खोटा हाय.”

“गप पळ.”

“आरं, रोज दोन किलो कमी दावतोय त्यो. त्रेसष्ट म्हनायचा तवा आपण पासष्टच हुतो. आन् ह्या येड्यानं वर तूप चारलं.”

हणमंता थोडं पुढं गेला आणि थांबला. घोंगड्यातून घाम ठिबकत होता. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “म्हंजी हळद बी?”

मग मीही थांबलो. हणमंताचा बाप त्याच काट्यावर हळद घालत होता.

आम्ही माघारी फिरलो. हे शेठच्या कानावर गपचूप घालायचं, बाकीचं सांगलीत बघू, असं ठरवलं. पण आमच्या शेठला धीर कुठला? येऊन बघतो तर मैदानाशेजारी गर्दी गोळा झालेली आणि मधोमध बापूशेठ हेडमास्तरांशी भांडत होता.

“तुमचा काटा खोटा हाय गुरुजी! माझी बारा माणसं काल मी सवता मोजलीत.”

“हा सोसायटीचा काटा आहे शेठ. याच्यावर गावचं रेशन मोजतात.”

“मग गावाला बी खोटं मोजत असतील! थांबा. दूध का दूध, पानी का पानी करतो. दिवाणजी! ट्रकमधनं आपला काटा काढा.”

आता हे समजून घ्या. आम्ही ट्रकनं आलो होतो. खेळ झाल्यावर त्याच गावातून हळद मोजून घेऊन जायचा शेठचा बेत होता, म्हणून ट्रकमध्ये रिकामी पोती होती आणि ताडपत्रीखाली दुकानाचा काटा होता. म्हणजे एक माणूस स्वतःचा खोटा काटा ऐंशी-नव्वद मैलांवरून घेऊन आला होता आणि ज्यांची हळद त्यावर मोजली जाते त्यांच्याच गावात, जत्रेच्या दिवशी, तो सगळ्यांसमोर लावा म्हणून हट्ट धरून बसला होता. मी आयुष्यात अनेक मालक बघितले. इतका सरळ खड्ड्याकडं चालत जाणारा दुसरा बघितला नाही.

“शेठ, जरा बाजूला या,” मी म्हणालो.

“बाजूला कशाला? हितंच बोल. आपल्यात लपवाछपवी न्हाई!”

“शेठ, काटा काढू नका.”

“का? तू कुणाच्या बाजूचा हाईस रं? बापजाद्यापास्नं काटा हाय त्यो माझ्या दारात.”

“शेठ, मी पाया पडतो—”

“तू पळ जा. वजन उतरव.”

दिवाणजींनीही जीव तोडून सांगितलं. “शेठ, ट्रकात हाललाय काटा. बिघडला आसंल.” त्यावर शेठ गर्दीकडं वळून म्हणाला, “आमचा काटा हालत न्हाई!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं. आता शेठला देवही थांबवू शकला नसता.

काटा उतरवला. सोसायटीच्या काट्याशेजारी मांडला. रिकामा काटा शून्यावर उभा राहिला, तो शेठनं सगळ्यांना फिरून दाखवला. मग हेडमास्तर म्हणाले, “आमच्या काट्यावर सदुसष्ट भरलेला कुणीही तुमच्या काट्यावर उभा करा.”

शेठनं गर्दीत मला हेरलं. “घोरपड! ये हिकडं!”

मी घोंगडं पांघरून तसाच उभा होतो. गर्दीतून वाट काढताना दिवाणजी माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात दोन किलोचं लोखंडी वजन होतं. त्यांनी ते घोंगड्याच्या आतून माझ्या हातात दिलं.

“घोंगडं काढू नको,” ते हळू म्हणाले. “घाम आलाय, वारं लागंल म्हण. आपल्या काट्यावर बी सदुसष्ट भरू दे. खेळ गेला तर जाऊ दे. तोलारकी मी देतो तुला. शब्द.”

खरं सांगतो, मी ते वजन धरून दहा-बारा पावलं चाललो. हिशेब सरळ होता. दोन्ही काटे जुळले तर आम्ही फक्त स्पर्धेतून बाद. शेठ चरफडेल, ट्रकमध्ये बसेल, सांगलीला जाईल. मला काम लागेल. कमलला भांडी बांधावी लागणार नाहीत. कुणाला काही कळणार नाही.

मग डोक्यात आलं की तोलार म्हणजे कोण? तर त्या काट्याशेजारी रोज उभा राहणारा, ते पितळी वजन सरकवणारा माणूस. शेतकरी विचारणार आणि “वाटंत वाळती” म्हणून मी सांगणार. हणमंताच्या बापालासुद्धा. मला एकदम संताप आला. मी मोठा धर्मात्मा नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावर खेळलो, आता दुसऱ्यांचं खोटंही मीच उचलायचं? तेही घोंगड्यात लपवून, चड्डीवर?

मी काट्याजवळ गेलो. घोंगडं काढलं, त्याची घडी घातली आणि आतल्या वजनासकट दिवाणजींच्या हातात दिलं. “धरा जरा,” म्हणालो. त्यांना ते खाली ठेवता येईना. ठेवलं असतं तर वाजलं असतं. पुढचा सगळा प्रकार होईपर्यंत ते घोंगडं छातीशी कवटाळून उभे होते.

मी काट्यावर चढलो. शेठनं पितळी वजन सरकवलं, चष्मा वर केला.

“पासष्ट!” तो ओरडला. “बघा! बरोबर पासष्ट! आता बोला गुरुजी!”

मला उतरवून सोसायटीच्या काट्यावर उभं केलं. सदुसष्टला जरासं कमी, पळून उतरलेलं तेवढंच. परत शेठच्या काट्यावर. परत पासष्टाच्या आसपास. शेठचा आनंद गगनात मावेना. तो लोकांकडं बघून हसत होता. लोक मात्र हसत नव्हते. हा बदल त्याच्या एकट्याच्या लक्षात आला नाही.

पुढं बसलेली एक म्हातारी उठली. हौसाबाई तिचं नाव. दरसाल पोतंभर-दोन पोती हळद घेऊन आमच्या दुकानात यायची, म्हणून मी तिला ओळखत होतो. ती दोन्ही काट्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

“आवं गुरुजी,” ती म्हणाली, “ह्यो गडी सांगलीस्नं हिकडं आला त्यो दोन किलो वाढला. आन् माजी हळद हितनं सांगलीला जाती ती दोन किलो वाळती. रस्ता लय न्यारा दिसतुया!”

हेडमास्तरांनी सोसायटीची वीस-वीस किलोची तीन लोखंडी वजनं मागवली, शिक्का मारलेली. ती बापूशेठच्या काट्यावर एकावर एक ठेवली. शेठनं स्वतः दांडी हातात घेतली. साठ दिसायला हवे होते. पितळी वजन अठ्ठावन्नाच्या थोडं पुढं जाऊन थांबलं. शेठनं ते मागं-पुढं केलं, चष्मा पुसला, परत केलं. ते तिथंच थांबायचं.

गावातल्या एका लोहारानं ते पितळी वजन दांडीवरून काढून उलटं केलं. बुडाशी मेण होतं. मेणाखाली शिसं. दांडीवरचं वजन आतून जड केलं की पलीकडचा माल हलका दिसतो, आणि काटा रिकामा असताना मात्र शून्यावर उभा राहतो. देवासारखा.

मग गर्दी हलली. मी जत्रांतून खूप गर्द्या बघितल्यात. ही तशी नव्हती. मागचे लोक आवाज न करता पुढं येत होते. कुणीतरी बैलगाडीच्या जूची लाकडी शिवळ उपसून हातात घेतली होती. शेठ त्या रिकाम्या दांडीकडं बघत उभा, दिवाणजी घोंगडं धरून उभे.

हणमंतानं माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. इतक्या वर्षांची सवय. मी तो धरला. त्याचा दुसरा हात बाळूनं धरला, मग पुढच्यानं. आम्ही बाराही जणांनी शेठ आणि दिवाणजींभोवती साखळी धरली. साखळी असते चढाईवाल्याला परत जाऊ न देण्यासाठी. त्या दिवशी आम्हाला दम संपलेला चढाईवाला सुखरूप घरी पोचवायचा होता. पोटात एकेकाच्या जाळ होता. हणमंताच्या तर डोळ्यांत पाणी होतं रागानं. तरी हात सुटला नाही. पाठीवर, खांद्यावर दणके बसले. एक शिवळ माझ्या त्याच डाव्या गुडघ्याला बसली.

“लेको, चोराला झाकताय व्हय?” एकजण माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडला.

“झाकत न्हाई,” मी म्हणालो. “काटा ठेवून चाललोय. त्यो घ्या. माणूस मारून हळद परत येत न्हाई.”

हौसाबाई पुढं झाली. “सोडा रं त्यास्नी. ह्या गड्यानं घोंगडं काढलं म्हणून कळलं. म्या बघितलंय, त्या टोपीवाल्यानं आत कायतरी दिलं हुतं त्ये.” दिवाणजींनी त्यावर घोंगडं आणखी घट्ट धरलं.

वाट मिळाली. त्या दोघांना ट्रकमध्ये घातलं. साखळीच्या आतून येताना बापूशेठ मला काय म्हणाला असेल? “शाब्बास घोरपड! साखळी झ्याक धरली. अशी मॅचला धरली आस्ती तर ढाल आपलीच हुती.” मी वर आभाळाकडं बघितलं.

काटा गावातच राहिला. ढाल दुसऱ्या टीमला गेली.

परतताना सातारा मागं पडला. मग शेठनं विचारलं, “दिवाणजी, हे कवापास्नं?”

“तुमच्या वडलांच्या टायमापास्नं, शेठ.”

“मला सांगायचं न्हाई?”

“तुमी कवा इच्यारलं न्हाई.”

शेठला खरंच माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि खेळाच्या नादात विसरला होता, हे मला आजवर कळलेलं नाही. मला वाटतं त्यालाही कळलेलं नसावं.

दुकानाची टीम बंद झाली. तोलारकीचं नावही निघालं नाही. घरी आलो आणि गुडघा शेकत बसलो. कमलनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, “बांध भांडी.” ती म्हणाली, “बांधत न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं?” आणि भाकरी थापायला बसली. पुढं काय, ते तिलाही माहीत नव्हतं. पण बांधली नाहीत तिनं.

पंधरवड्यानं मार्केट यार्डातून निरोप आला. मी गेलो तर हळदीच्या गाड्यांची रांग लागलेली आणि पुढं हौसाबाई. वाईकडच्या लोकांनी दुसऱ्या एका अडत्याकडं माल आणला होता. पण माल उतरवायच्या आधी त्यांची एक अट होती.

“त्या घोरपडीला बोलवा. आदी त्यो उभा ऱ्हाऊ दे काट्यावर. मग आमची हळद.”

“आक्का, मी काय धोंडा हाय का?” मी चिडून म्हणालो. “काटा तपासायला लोखंडी वजनं असत्यात.”

“लोखंडात शिसं घालत्यात बाबा. माणसात न्हाई घालता येत.”

मला आधी सरकारी दवाखान्यात नेऊन मोजलं, मग यार्डात आणून काट्यावर उभं केलं. आकडा जुळला. गाड्या उतरल्या. दुसऱ्या बाजारालाही तेच. तिसऱ्याला कऱ्हाडकडचेही लोक तेच म्हणायला लागले. अडत्यांनी कपाळाला हात लावला. यार्डाच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब वैतागलेले होते. “महिपती, हा काय पोरखेळ आहे?” मी म्हणालो, “साहेब, मला इच्यारू नका. मी कबड्डीवाला हाय.” शेवटी रोज रोज निरोप धाडण्यापेक्षा परवडतं म्हणून त्यांनी मला तोलारांच्या हाताखाली लावून घेतलं, आणि पुढं तोलार केलं. परमनंट. बापूशेठच्या शब्दानं जे मिळालं नसतं ते त्याच्या काट्यानं दिलं.

पण सुख असं कुठं लागलंय? खेळत होतो तेव्हा वजन उतरवायचो. आता वजन धरून ठेवायची पाळी आली. सदुसष्ट म्हणजे सदुसष्ट. दवाखान्यात मोजलं आणि मधे जेवलो तर लोक संशयानं बघायचे. दिवाळीला पाहुण्यांसमोर कमल माझ्या ताटातली करंजी उचलायची, “उद्या बाजार हाय.” आजारी पडून उठलो की भात वाढवायची, “दीड किलो कमी हाईसा.” माझ्या पोटावर अर्ध्या जिल्ह्याच्या हळदीचा भरवसा. रिटायर होईपर्यंत हा जाच मी सोसला.

एवढ्या वर्षांत मी एकच शिकलो, मालकाच्या काट्यावर आपलं वजन करू नये. आणि केलंच, तर मालकाला खेळाचं वेड नाही ना, हे आधी बघून घ्यावं.

परवा गुडघा दाखवायला डॉक्टरकडं गेलो होतो. आमच्या नातवाच्या वयाची डॉक्टरीण. तिनं मला काट्यावर उभं केलं, जुना कागद बघितला आणि काळजीनं म्हणाली, “आजोबा, तीन किलो कमी झालंय की वजन. असं कसं?”

मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, “वाटंत वाळलं आसतील.”